खांदा, गुडघा आणि करार

व्यावसायिक महिला हँडबॉलपटूची कारकीर्द गोलांच्या आणि पदकांच्या आकड्यांत नोंदली जाते. परंतु ज्या दोन गोष्टींवर ती प्रत्यक्षात उभी असते, म्हणजे खेळाडूचे सांधे आणि तिच्या क्लबची तिजोरी, त्या या नोंदींत कुठेही दिसत नाहीत. सांधे केव्हा दगा देतील हे सांगता येत नाही आणि तिजोरी केव्हा रिकामी होईल हे बहुतेक वेळा खेळाडूला सर्वांत शेवटी कळते. रुमानियाच्या क्रिस्तिना न्यागू यांची 2024 मध्ये संपलेली कारकीर्द या दृष्टीने अभ्यासण्यासारखी आहे, कारण त्या जगातील सर्वोत्तम खेळाडू ठरल्या तेव्हा तर त्यांची गुणवत्ता दिसलीच, पण दोन सर्वोच्च सन्मानांच्या मधल्या रिकाम्या वर्षांत ती अधिक स्पष्ट दिसली.

त्यांच्या कारकिर्दीकडे वळण्यापूर्वी खेळाची रचना समजून घेणे आवश्यक आहे, कारण दुखापतींची मुळे या रचनेतच आहेत. हँडबॉल हा सभागृहातील 40 मीटर लांब आणि 20 मीटर रुंद मैदानावर, प्रत्येकी सात खेळाडूंच्या दोन संघांत, 30 मिनिटांच्या दोन सत्रांत खेळला जातो. गोलचौकट तीन मीटर रुंद आणि दोन मीटर उंच असते, आणि तिच्यापुढे सहा मीटर अंतरावर आखलेल्या कमानीच्या आत गोलरक्षकाखेरीज कोणालाही पाय ठेवता येत नाही. मात्र कमानीबाहेरून उडी मारून, पाय जमिनीला लागण्यापूर्वी चेंडू फेकण्याची मुभा आहे, आणि या खेळाचे सारे सौंदर्य व सारा धोका या एका मुभेतून निर्माण होतो. चेंडू हातात घेऊन तीनच पावले टाकता येतात आणि तो तीन सेकंदांपेक्षा जास्त वेळ धरून ठेवता येत नाही, त्यामुळे आक्रमण करणाऱ्या खेळाडूला धाव, निर्णय, उडी आणि फेक या चारही क्रिया जवळजवळ एका श्वासात उरकाव्या लागतात. समोरचे बचावपटू नियमांच्या मर्यादेत अंगाने अडवू शकतात, आणि ते तसे अडवतातही. महिलांच्या सामन्यांतील चेंडूचा परीघ 54 ते 56 सेंटीमीटर आणि वजन 325 ते 375 ग्रॅम असते, आणि तो एका हाताच्या पकडीत टिकावा म्हणून बोटांना राळ लावण्याची पद्धत आहे.

संघातील सात जागांपैकी गोलरक्षक एक, दोन्ही कडांना खेळणाऱ्या विंग दोन, बचावफळीच्या आत घुसून पाठमोरी उभी राहणारी पिव्हट एक, आणि मागून खेळ रचणाऱ्या बॅक तीन. न्यागू या तिघींपैकी डाव्या बाजूच्या, म्हणजे लेफ्ट बॅक. उजव्या हाताच्या खेळाडूला डावीकडून मैदानाच्या मध्याकडे झेप घेताना गोलचौकट अधिक मोकळी दिसते, म्हणून दूरवरून गोल करण्याची मुख्य जबाबदारी परंपरेने या जागेवर येते. लेफ्ट बॅकने नऊ मीटरच्या आसपास हवेत उंच उठून, समोर हात उभारून ठाकलेल्या दोघी-तिघींच्या बोटांवरून चेंडू मारायचा असतो, आणि तोही गोलरक्षकाला दिशेचा अंदाज येण्याआधी. सर्व संघाला ठाऊक असते की अडचणीच्या क्षणी चेंडू तिच्याकडेच जाणार. प्रतिस्पर्ध्यांनाही ते ठाऊक असते. त्यामुळे सर्वाधिक गोल आणि सर्वाधिक धक्के हे दोन्ही या जागेच्या वाट्याला येतात.

न्यागू यांचा जन्म 26 ऑगस्ट 1988 रोजी बुखारेस्ट येथे झाला. ज्या देशात त्या खेळू लागल्या, तेथे हँडबॉल हा दुय्यम खेळ नव्हता: रुमानियाच्या महिलांनी 1962 मध्ये विश्वविजेतेपद मिळवले होते, पुरुषांनी 1961 ते 1974 या काळात ते चार वेळा जिंकले होते, आणि या यशामागे सरकारी कारखान्यांच्या आश्रयाने चालणाऱ्या क्लबांचे जाळे होते. साम्यवादी राजवट 1989 मध्ये कोसळली, तरी कारखाना आणि क्लब यांचे हे नाते पुष्कळ ठिकाणी टिकून राहिले. न्यागू यांचा पहिला मोठा क्लब ब्राशोव शहरातील ‘रुल्मेंतुल’ हा होता, ज्याचे नाव तेथील बेअरिंग बनवणाऱ्या कारखान्यावरून आले होते. दुसरा, 2009 पासूनचा, रिम्निकू विल्चा या लहान शहरातील ‘ओल्टकिम’, जो त्याच नावाच्या मोठ्या रसायन कंपनीच्या पैशावर चालत असे. एखाद्या लहान औद्योगिक शहराने युरोपातील उत्तम खेळाडू गोळा करून खंडाच्या सर्वोच्च स्पर्धेत धडक मारावी, ही घटना महिला हँडबॉलमध्ये नवलाची नाही. डेन्मार्क, नॉर्वे आणि हंगेरीतही या खेळाची राजधानी बहुधा राजधानीबाहेरच असते.

ओल्टकिमने 2010 मध्ये चॅम्पियन्स लीगची, म्हणजे युरोपातील विजेत्या क्लबांच्या वार्षिक स्पर्धेची, अंतिम फेरी गाठली आणि तेथे त्यांना डेन्मार्कच्या व्हिबोर्ग क्लबकडून हार पत्करावी लागली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये डेन्मार्क आणि नॉर्वे येथे झालेल्या युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेत रुमानियाने कांस्यपदक मिळवले, न्यागू 53 गोलांसह स्पर्धेतील सर्वाधिक गोल करणाऱ्या खेळाडू ठरल्या, आणि आंतरराष्ट्रीय हँडबॉल महासंघाने त्यांना त्या वर्षीची जगातील सर्वोत्तम खेळाडू म्हणून गौरवले. तेव्हा त्या 22 वर्षांच्या होत्या.

यानंतर या सन्मानाच्या मानकऱ्यांच्या यादीत त्यांचे नाव पुन्हा येते ते थेट 2015 मध्ये. मधली वर्षे या यादीत कोरीच दिसतात, परंतु कारकीर्द म्हणजे काय हे समजून घ्यायचे असेल तर तीच वर्षे तपासली पाहिजेत.

प्रथम खांदा गेला. फेकीच्या वेळी हँडबॉलपटूचा दंड डोक्याच्या मागे जाऊन बाहेरच्या दिशेने अगदी टोकापर्यंत वळतो आणि तेथून अतिशय वेगाने पुढे येतो; ही हालचाल सराव आणि सामने धरून एका हंगामात हजारो वेळा घडते. खांद्याचा सांधा शरीरातील सर्वांत मोकळा फिरणारा सांधा आहे, कारण त्याची खोबण उथळ असते आणि दंडाच्या हाडाचा गोल माथा मुख्यतः स्नायू व स्नायूबंध यांच्या आधाराने जागेवर राहतो. मोकळेपणाची किंमत म्हणून स्थैर्य कमी मिळते. त्यातच फेकीसाठी मागे गेलेल्या हाताला बचावपटूचा धक्का बसला, तर सर्व भार त्या मऊ आधारांवर येतो. न्यागू यांच्या फेकीच्या खांद्यावर शस्त्रक्रिया करावी लागली आणि त्या दीर्घकाळ मैदानाबाहेर राहिल्या. दूरवरून गोल करणाऱ्या खेळाडूसाठी खांद्याची शस्त्रक्रिया म्हणजे गायिकेसाठी गळ्याची शस्त्रक्रिया होय: जखम भरली तरी पूर्वीचा स्वर परत येईल याची हमी कोणताही शल्यविशारद देत नाही. पाठोपाठ गुडघ्याच्या गंभीर दुखापतीनेही त्यांची आणखी वर्षे खाल्ली.

गुडघ्याच्या दुखापतीविषयी येथे थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण महिला हँडबॉलमध्ये इतक्या कारकिर्दी खंडित करणारी दुसरी गोष्ट नाही. मांडीचे हाड आणि नडगीचे हाड यांना गुडघ्याच्या आत तिरकस जोडणारे दोन अस्थिबंध असतात. त्यांपैकी पुढचा, जो ‘एसीएल’ या इंग्रजी आद्याक्षरांनी खेळाडूंच्या बोलण्यात येतो, नडगीला पुढे सरकण्यापासून आणि गुडघ्याला नको तितके पिळण्यापासून रोखतो. हँडबॉलमध्ये तो बहुधा दोन प्रसंगी तुटतो: बचावपटूला चकवण्यासाठी धावता धावता पाय रोवून दिशा बदलताना, किंवा उडी मारून केलेल्या फेकीनंतर एका पायावर उतरताना. दोन्ही वेळी गुडघा जवळजवळ सरळ असतो, पाऊल जमिनीला पक्के चिकटलेले असते आणि गुडघा आतल्या बाजूला कोसळतो. पुष्कळदा त्या क्षणी प्रतिस्पर्ध्याचा धक्काही बसलेला नसतो. तुटलेला हा बंध सहसा आपोआप नीट जुळत नाही. शरीरातील दुसऱ्या एखाद्या स्नायूबंधाचा तुकडा घेऊन तो नव्याने बसवावा लागतो, आणि पुन्हा स्पर्धेत उतरण्यास साधारण नऊ महिने ते एक वर्ष लागते.

स्त्री खेळाडूंमध्ये ही दुखापत पुरुषांच्या तुलनेत कितीतरी अधिक वेळा होते, ही गोष्ट नॉर्वेतील संशोधकांनी 1990 च्या दशकापासून आकडेवारीनिशी दाखवली. हाडांची ठेवण, संप्रेरके, उतरताना स्नायूंचा वापर करण्याची पद्धत अशी अनेक कारणे चर्चेत आहेत आणि त्यांपैकी एकाच कारणावर एकमत झालेले नाही. सभागृहातील जमिनीचाही यात वाटा असतो, कारण अधिक घर्षण असलेल्या कृत्रिम पृष्ठभागावर पाय लाकडी जमिनीपेक्षा घट्ट रुततो. पण कारणांच्या वादात न अडकता नॉर्वेच्या संशोधकांनी उपायाकडे लक्ष दिले, आणि त्यांचे हे काम खेळाच्या इतिहासात कोणत्याही पदकाइतके मोलाचे मानले पाहिजे. फिजिओथेरपिस्ट ग्रेथे मिक्लेबुस्त आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महिला संघांना तोल सांभाळण्याचे, योग्य रीतीने उतरण्याचे आणि वळण्याचे व्यायाम देऊन सलग काही हंगाम निरीक्षण केले, तेव्हा हे व्यायाम नियमितपणे करणाऱ्या वरिष्ठ संघांत दुखापती घटल्याचे आढळले. पुढे 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत 120 क्लबांमधील 15 ते 17 वर्षांच्या 1,837 खेळाडूंचा समावेश होता. सरावापूर्वी 15 ते 20 मिनिटांचा ठरावीक व्यायाम करणाऱ्या गटात गुडघ्याच्या आणि घोट्याच्या तीव्र दुखापती जवळपास निम्म्यावर आल्या. यासाठी लागणारे साहित्य म्हणजे तोल साधण्याची फळी, एक जाड चटई आणि प्रशिक्षकाचा आग्रह, एवढेच. शाळकरी मुलींना हँडबॉल शिकवणाऱ्या कोणत्याही देशातील प्रशिक्षकाला हे ठाऊक नसेल, तर ती गंभीर उणीव समजली पाहिजे.

न्यागू दुखापतींशी झुंजत असतानाच त्यांच्या पायाखालची दुसरी जमीनही सरकली. ओल्टकिम ही रसायन कंपनी कर्जाच्या ओझ्याखाली 2013 च्या जानेवारीत दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, आणि युरोपातील अग्रगण्य संघांमध्ये गणला जाणारा तिचा क्लब त्याच वर्षी मोडला. ब्राशोवचा त्यांचा आधीचा क्लबही तोपर्यंत आर्थिक कारणांनी बंद पडलेला होता. म्हणजे वयाच्या पंचविशीत, जगातील सर्वोत्तम म्हणून गौरवल्या गेलेल्या या खेळाडूच्या मागे दोन बुडालेले क्लब आणि शस्त्रक्रियेच्या खुणा असलेले शरीर होते. त्या वेळी मोंटेनेग्रोच्या राजधानीतील ‘बुदुच्नोस्त’ या क्लबने त्यांना करारबद्ध केले. हा निर्णय क्लबच्या बाजूनेही धाडसाचा होता, कारण व्यावसायिक खेळातील करार बहुधा दोन-तीन वर्षांचे असतात आणि बरी होत असलेल्या खेळाडूवर त्यांतील बराच काळ खर्ची पडण्याची शक्यता असते.

ही गुंतवणूक पुरेपूर फळली. मे 2015 मध्ये बुडापेस्ट येथे झालेल्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात बुदुच्नोस्तने नॉर्वेच्या लार्विक क्लबला हरवले आणि न्यागू यांना कारकिर्दीतील एकमेव चॅम्पियन्स लीग विजेतेपद मिळाले. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये डेन्मार्कमध्ये झालेल्या विश्वचषक स्पर्धेत रुमानियाने यजमानांना उपांत्यपूर्व फेरीत बाहेर काढले, उपांत्य फेरीत नॉर्वेकडून जादा वेळेत हार स्वीकारली आणि पोलंडला नमवून कांस्यपदक घेतले. न्यागू 63 गोलांसह आघाडीवर राहिल्या आणि स्पर्धेतील सर्वोत्कृष्ट खेळाडू म्हणून निवडल्या गेल्या. जगातील सर्वोत्तम खेळाडूचा मान त्यांना 2015 साठी, आणि लगेच 2016 साठीही मिळाला. परतलेल्या खेळाडूची फेक पूर्वीसारखीच होती असे म्हणणे मात्र अपुरे ठरेल. केवळ दूरवरून जोरदार मारा करणारी खेळाडू आता बचावफळीला स्वतःकडे ओढून पिव्हटकडे किंवा कडेच्या खेळाडूकडे अचूक वेळी चेंडू सोडणारी झाली होती, आणि ज्या शरीरावर पूर्वीइतका विश्वास टाकता येत नाही त्याच्या जागी बुद्धीने अधिक काम करावे, हा धडा तिने खेळातच मुरवला होता.

मायदेशी त्या 2017 मध्ये परतल्या, आणि त्यांचा नवा क्लब होता ‘सीएसएम बुखारेस्ट’. या क्लबची आर्थिक बैठक वेगळी आहे: तो शहराच्या महापालिकेचा क्लब आहे, त्यामुळे त्याचा खर्च मुख्यतः सार्वजनिक निधीतून चालतो आणि कारखान्याच्या नफ्या-तोट्याऐवजी तो पालिकेच्या अंदाजपत्रकाशी बांधलेला असतो. या क्लबने 2016 मध्ये चॅम्पियन्स लीग जिंकली होती; न्यागू यांच्या सात हंगामांत देशांतर्गत विजेतेपदे अनेक आली, पण तो चषक पुन्हा हाती लागला नाही.

फ्रान्समध्ये 2018 च्या डिसेंबरमध्ये झालेली युरोपीय अजिंक्यपद स्पर्धा त्यांच्या आयुष्यातील सर्वोत्तम स्पर्धा ठरण्याच्या मार्गावर होती. हंगेरीच्या आग्नेश फार्काश यांचा या स्पर्धेतील एकूण गोलांचा विक्रम त्यांनी तेथे मागे टाकला, आणि रुमानिया उपांत्य फेरीच्या उंबरठ्यावर उभी होती; त्याच वेळी हंगेरीविरुद्धच्या सामन्यात त्यांच्या गुडघ्यातील पुढचा अस्थिबंध तुटला. रुमानियाने उपांत्य फेरी गाठली, पण न्यागूविना ती रशियाकडून हरली आणि कांस्यपदकाचा सामना नेदरलँड्सने जिंकला. एका खेळाडूवर संपूर्ण संघाचे आक्रमण किती अवलंबून होते, याचा इतका स्पष्ट पुरावा क्वचितच मिळतो. 2018 चा सर्वोत्तम खेळाडूचा सन्मानही त्यांनाच मिळाला, आणि त्याबरोबर या पुरस्काराच्या इतिहासात, पुरुष व महिला दोन्ही विभाग धरून, चार वेळा मानकरी ठरलेल्या त्या पहिल्या खेळाडू झाल्या. तिशी ओलांडलेली असूनही 2019 च्या उत्तरार्धात त्या पुन्हा मैदानावर उतरल्या आणि पुढील हंगामांत त्यांनी हंगेरीच्या अनिता ग्योर्बित्स यांच्या नावावरील चॅम्पियन्स लीगमधील सर्वाधिक गोलांचा, हजाराहून मोठा, विक्रमही ओलांडला.

क्लबांच्या नाजूक स्थितीबाबत रुमानिया हा अपवाद समजणे चुकीचे ठरेल. नॉर्वेच्या क्रिस्तियानसान शहरातील ‘व्हायपर्स’ या क्लबने 2021, 2022 आणि 2023 अशी सलग तीन वर्षे चॅम्पियन्स लीग जिंकली, आणि जानेवारी 2025 मध्ये तो दिवाळखोरीत निघाला. जर्मनीत 2024 ची अंतिम फेरी गाठलेला बीटिगहाइमचा संघ लुडविग्सबुर्ग या नावाने स्थलांतरित झाल्यानंतर 2025 च्या उन्हाळ्यात त्याच वाटेने गेला. यशस्वी क्लबच वारंवार का बुडतात, याचे स्पष्टीकरण अवघड नाही. महिला हँडबॉलला प्रक्षेपणहक्क आणि तिकिटे यांतून मिळणारे उत्पन्न मर्यादित आहे, तर युरोपात जिंकण्यासाठी लागणारा वेतनखर्च आणि प्रवासखर्च त्या उत्पन्नाच्या पुढे धावतो. मधली दरी एखादा प्रायोजक भरून काढतो आणि तो मागे सरला की हंगामाच्या मध्यावर वेतन थांबते. या अनिश्चिततेमुळे अनेक देशांत खेळाडू खेळाबरोबरच शिक्षण किंवा दुसरी नोकरी चालू ठेवतात. या दुहेरी वाटचालीला निष्ठेचा अभाव म्हणणारे क्लबचालक अजूनही भेटतात. वस्तुस्थिती पाहता ती खेळाडूने घेतलेली अत्यंत शहाणपणाची खबरदारी आहे.

करारांमधील दुसरा प्रश्न मातृत्वाचा आहे. खेळाडूची उत्तम वर्षे आणि मूल होण्याची वर्षे एकच असतात, आणि अल्पमुदतीचा करार गर्भारपणाच्या काळात संपला तर खेळाडूकडे ना वेतन उरते ना संघ. फ्रान्समधील महिला लीगने खेळाडूंच्या संघटनेशी 2021 मध्ये केलेल्या सामूहिक करारात गर्भवती खेळाडूच्या वेतनाला संरक्षण दिले, आणि इतर लीगांनी हाच मार्ग स्वीकारायला हवा, कारण आई झाल्यावर कारकीर्द संपते ही समजूत मैदानावर केव्हाच खोटी ठरली आहे. न्यागू यांच्या ओल्टकिमला 2010 च्या अंतिम फेरीत रोखणाऱ्या व्हिबोर्ग संघाच्या गोलरक्षक कत्रिने लुंडे यांनी मातृत्वानंतर पुनरागमन केले आणि 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये वयाच्या 44 व्या वर्षी नॉर्वेसाठी सुवर्णपदक जिंकले. गोलरक्षकाला बॅकइतक्या उड्या आणि वळणे घ्यावी लागत नाहीत, त्यामुळे तिची कारकीर्द लांबते हे खरे. पण तेवढ्याने या पराक्रमाचे मोल कमी होत नाही.

या सर्वांवर वार्षिक वेळापत्रकाचा ताण असतो. महिलांची युरोपीय अजिंक्यपद स्पर्धा सम वर्षांत आणि विश्वचषक विषम वर्षांत, दोन्ही डिसेंबरमध्ये, क्लबच्या हंगामाच्या ऐन मध्यावर खेळवल्या जातात, त्यामुळे राष्ट्रीय संघातील खेळाडूला हिवाळी विश्रांती मिळतच नाही, आणि ऑलिंपिकच्या वर्षी उन्हाळ्याचीही मिळत नाही. युरोपातील खेळाडूंच्या संघटनेने सामन्यांच्या या गर्दीविरुद्ध 2018 मध्ये जाहीर मोहीम चालवली होती. त्यानंतर विश्वचषकातील संघांची संख्या 32 आणि युरोपीय स्पर्धेतील संघांची संख्या 24 पर्यंत वाढवण्यात आली. खेळाचा प्रसार म्हणून ही वाढ योग्यच आहे, पण खेळाडूच्या विश्रांतीचा प्रश्न तिने सोडवलेला नाही, आणि थकलेल्या पायावर उतरणारा गुडघा अधिक सहज कोसळतो हे प्रशिक्षकांना ठाऊक असूनही वेळापत्रक ठरवणाऱ्यांच्या निर्णयांत ते पुरेसे उमटत नाही.

न्यागू यांनी 2023-24 च्या हंगामाअखेर, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, सीएसएम बुखारेस्टसह देशांतर्गत विजेतेपद मिळवून खेळातून निवृत्ती घेतली. ऑलिंपिक पदक त्यांना कधीच मिळाले नाही. रिओ येथील 2016 च्या स्पर्धेत रुमानियाचा संघ साखळी फेरीतच बाद झाला होता आणि पुढील दोन ऑलिंपिकसाठी तो पात्रच ठरला नाही. तरीही आपल्या पिढीतील सर्वश्रेष्ठ हँडबॉलपटू कोण, या प्रश्नाचे उत्तर देताना त्या उणिवेला फारसे वजन देण्याचे कारण नाही: चार सर्वोच्च सन्मानांपैकी तीन त्यांनी खांद्याच्या शस्त्रक्रियेनंतर मिळवले.